आबांचा मोतीबिंदू आणि आईचा

माझे वडील कोल्हारात शिंपीकाम करायचे. नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं घर होतं आणि पुढच्या ओटीवर मशीन. आबा माप घ्यायचे, कापड बेतायचे, मशीनवर शिवायचे. काजं, बटणं, तुरपाई आणि बायकांच्या चोळ्या आईकडे. ओटीवर पुरुषमाणसं बसलेली असायची म्हणून आई आत, माजघराच्या दारात बसून शिवायची. स्वयंपाक झाला की सुई हातात, सुई ठेवली की पुन्हा स्वयंपाक. तिच्या त्या कामाला काम असं कुणी म्हणत नसे. गिऱ्हाईक सदरा अंगात घालून बघायचं आणि आबांना म्हणायचं, काजं लई सुबक हायत. आबा मान डोलवायचे. ते खोटेपणानं नव्हे. दुकान त्यांचं, तेव्हा काजंही त्यांचीच, असं त्यांना मनापासून वाटायचं.

लढाईची वर्षं होती. कापड कंट्रोलवर, रॉकेल कंट्रोलवर. घरात एकच कंदील पुरवून वापरायचा आणि तो आबांच्या मशीनजवळ असायचा. संध्याकाळी आई चुलीपुढं सरकून बसायची आणि जाळाच्या उजेडात काजं करायची. मी तोवर लग्न होऊन राहुरीला गेले होते. माझे मिस्टर तिथं शाळेत मास्तर. पण राहुरी काही लांब नाही, सणावाराला मी माहेरी असायची आणि आईला तशी बसलेली बघायची. आई, डोळे जातील, असं मी म्हणाले की ती म्हणायची, डोळ्यांना काय धाड भरलीय.

आधी आबांचे डोळे अधू झाले. त्यांनी ते घरातसुद्धा सांगितलं नाही. आईच्या मात्र लक्षात आलं, कारण ते सुई तिच्याकडे ओवायला देऊ लागले. मग खडूची रेघ ती मारायची आणि आबा त्या रेघेवरून कात्री चालवायचे. पुढं पुढं तर कात्रीही तीच चालवायची, ओटीवर कुणी नसेल तेव्हा. माझ्या भावाला हे माहीत होतं. तो तेव्हा आबांच्या हाताखाली मशीनवर बसत असे. कुणी काही बोलत नव्हतं, दुकान चाललं होतं. गावातल्या बाया मध घाला म्हणाल्या, कांद्याचा रस घाला म्हणाल्या. आबांनी दोन्ही घालून बघितलं. डोळे लालभडक झाले, पण धुकं काही हटलं नाही.

शेवटी एकदा ओटीवर माणसं बसलेली असताना आबांनी एका बागाइतदाराच्या लग्नाच्या कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच बेतल्या. कंट्रोलच्या दिवसांतलं कापड, ते दुसरं कुठून आणायचं? बागाइतदार भला माणूस होता. तो रागावला नाही, उलट त्यानंच सांगितलं की शिंपीदादा, हा मोतीबिंदू आहे, माझ्या चुलत्याचा नगरच्या दवाखान्यात काढला, आता ते चालत मळ्यात जातात. आठवडा गेला नसेल तोच भाऊ आबांना घेऊन निघाला. आबांचं करायला बरोबर कुणीतरी हवं म्हणून आईही निघाली. तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशावर चालायच्या. चढ आला की उतारू खाली उतरायचे. त्यांची मोटार राहुरीला थांबली तेव्हा मी चढले आणि नगरपर्यंत बरोबर गेले.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आबांचे डोळे बघितले, खिडकी लावून घेतली आणि हातातल्या बॅटरीचा उजेड एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं डोळ्यावर टाकून विचारलं, उजेड कुठून येतोय? आबांनी बरोबर सांगितलं. बाई खूश झाल्या. डोळा आतून शाबूत आहे, म्हणाल्या. मग त्यांनी आम्हाला समजावलं. आमच्याकडे सगळे समजत होते की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पापुद्रा, तो औषधानं झडून जातो. बाई म्हणाल्या, वर काही येत नाही. बाहुलीच्या मागं एक भिंग असतं, काचेसारखं. वय झालं की ते गढूळ होतं. अंड्यातलं पाणी शिजलं की पांढरं होतं आणि मग काही केलं तरी ते पुन्हा पाण्यासारखं होत नाही, तसंच हे. त्यावर मध नाही, सुरमा नाही, मंत्र नाही. ते भिंग काढायचं, एवढाच उपाय.

भिंग काढलं. आबांचे दोन्ही डोळे पट्टीनं बांधले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, मान हलू नये म्हणून. खोकायचं नाही, जोरानं बोलायचं नाही, चावून काही खायचं नाही. आई पेज भरवायची. पण चमचा तोंडापाशी नेताना तिचा अंदाज चुकायचा आणि पेज आबांच्या हनुवटीवर सांडायची. आबा पडल्या पडल्या तिच्यावर चिडायचे. मला हलू नको म्हणत्यात आन् तुझं चित्त कुठं असतं, असं म्हणायचे. आई पदरानं त्यांची हनुवटी पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. एकदा हे चाललेलं असताना डॉक्टरीणबाई खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग आईला खिडकीपाशी नेलं, तिची हनुवटी वर करून डोळ्यांत बघितलं.

"बाई, तुमच्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "अजून पुरता तयार झाला नाही. दिवाळीनंतर या. पण नक्की या, फार दिवस ठेवू नका."

त्या हे आईशी बोलल्या, मग आबांच्या खाटेशी येऊन आबांना सांगितलं, आणि मग माझ्या भावालाही. तिघांनी हो म्हटलं. मी तिथंच उभी होते, हे कुणाकडून ऐकलेलं नाही.

आबा घरी आले. काही दिवसांनी त्यांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला. सुरुवातीला त्यांना सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. पाण्याचा तांब्या उचलायला जायचे आणि हात अलीकडेच बंद व्हायचा. उंबऱ्यावर अडखळायचे. मग जमलं. ज्या दिवशी त्यांनी स्वतः सुई ओवली त्या दिवशी त्यांनी शेजारपाजारच्यांना बोलावून ओवून दाखवली. पेढे वाटले. त्यांचा आनंद खरा होता आणि मलाही तेव्हा आनंदच झाला होता. आईनं चार दिशांना हात जोडले. ती म्हणाली, आता माझी सुई बी तुमीच ओवा. सगळे हसले.

दिवाळी आली. तुळशीचं लग्न झालं आणि लगीनसराई सुरू झाली. आबांचे डोळे परत आल्यामुळे दुकानात ढीगभर काम. आबा म्हणाले, एवढं लगीनसराईचं निघू दे. मग पौषात देवीची जत्रा आली, पाहुणे येणार, घरात बाई नको का? जत्रा उरकली तर वहिनीला पाचवा महिना लागलेला. पहिलटकरीण, तिला सोडून सासू कशी जाईल? वहिनीचं माहेर जामखेडकडं, पाण्याची ओरड असलेला मुलूख, म्हणून बाळंतपण इकडेच करायचं ठरलं. ते आईनं केलं. डोळ्यांना दिसत नसताना तिनं नातवाला न्हाऊ-माखू घातलं, शेक दिला, काजळ घातलं. काजळ बोटानं चाचपून घालायची. मग पावसाळा लागला आणि आबा म्हणाले, पावसाळ्यात जखम चिघळते.

एकही कारण खोटं नव्हतं, हेच मला आजपर्यंत खुपतं. खोटं असतं तर धरून भांडता आलं असतं.

त्या पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा आई तांदूळ निवडत होती, पण नजर समोरच्या भिंतीवर होती. बोटांनी खडे शोधत होती. तिच्या बुबुळामागं आता पांढरं दिसत होतं, दारातून बघणाऱ्यालाही दिसावं इतकं. काजं-बटणं वहिनीकडे गेली होती. वहिनीचं काम ओबडधोबड, पण कुणी तक्रार केली नाही. घरात येणाराजाणारा आईचं कौतुक करत होता. बाईला दिसत न्हाई, पन कुठं थडकत न्हाई. भाकरी कशी गोल थापती बघा. जणू ती एखादी कसरत करून दाखवत होती. आईलाही ते कौतुक आवडायचं, हे मी लपवत नाही. मी तिला म्हणाले, चल माझ्याबरोबर, मी नेते. ती म्हणाली, राहू दे गं, तुझे आबा काय न्हाई म्हनत्यात का? नेतील.

मग मी ओटीवर गेले. आबा चष्मा लावून कापड बेतत होते. मी म्हटलं, आबा, दिवाळीनंतर म्हणता म्हणता दुसरी दिवाळी आली. त्यांनी कात्री थांबवली नाही.

"आगं, माझं दुकान व्हतं म्हनून मला घाई झाली. तिला काय आता कपडे बेतायचेत? चूल तर तिला अंधारात बी सापडती. हुईल सावकाशीनं."

रागानं नाही बोलले. समजुतीच्या सुरात बोलले. ज्या बाईनं त्यांच्या आंधळेपणात त्यांची कात्री चालवली तिच्याविषयी बोलत होते, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. भाऊ मशीनवर बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून शिवू लागला. मी आईला सोडून राहुरीला परत आले. तेव्हा आईबापाच्या घरातून आईला उचलून न्यायचा लेकीला काही अधिकार नव्हता. नवऱ्याच्या घरात तिला कुठं ठेवू, असंही होतं.

पुढचं मला नंतर कळलं, काही आईकडून, काही वहिनीकडून.

बाजाराच्या दिवशी गावात एक परमुलखातला माणूस आला. डोळ्यांतला मोती पाडून देतो म्हणाला. रुग्णाला खाटेवर पडायला नको, पट्टी नको, गाव सोडायला नको, घडीभरात दिसायला लागतं. त्यानं वेशीजवळच्या एका म्हातारीचा मोती पाडला आणि ती लगेच बोटं मोजू लागली. आबांनी ते स्वतः बघितलं. ते त्याला घरी घेऊन आले. आपलं भिंग दवाखान्यात कसं काढलं, किती जपणूक केली, वाळूच्या पिशव्या, बांधलेले डोळे, सगळं त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी त्याला आणला. घरातली बाई महिनाभर दवाखान्यात जायला नको, हे त्यांना बरं वाटलं. आईलाही बरं वाटलं. घरच्या घरी व्हतंय तर कशाला कुनाला तरास, असं ती म्हणाली.

त्यानं तिला ओटीवर बसवली. भावानं मागून डोकं घट्ट धरलं. त्या माणसानं एक बारीक सळई तोंडातल्या थुंकीनं ओली केली आणि एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांत घातली. आई ओरडली नाही. वहिनी म्हणाली, नुसती मांडीवरच्या लुगड्याची मूठ आवळून बसल्या होत्या. आणि मग तिला दिसलं. पाण्यातून बघावं तसं, पण दिसलं. आबांनी बोटं धरली ती तिनं मोजली. वहिनीनं पोराला पुढं केलं. तोवर तिनं नातवाचं तोंड बघितलेलंच नव्हतं, हातांनीच ओळखत होती. तिनं त्याला बघितलं आणि म्हणाली, हा तर आपल्या आबांच्या वळनावर गेलाय. त्या माणसाला शिधा दिला, धोतरजोडी दिली. तो संध्याकाळच्या आत गाव सोडून गेला.

आठवडाभर घरात सण होता. मग उजवा डोळा लाल झाला, सुजला, त्यातून पू येऊ लागला. दुधात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले, तुपाचा हात लावला. आबा म्हणाले, आतली घाण निघून चाललीय, निघू दे. तो डोळा बसला. पण डाव्यानं दिसत होतं, म्हणून एकाचं समाधान मानून सगळे गप्प राहिले. मला कळवू नका असं आबांनीच सांगितलं होतं. पोर उगाच आकांडतांडव करील, म्हणाले.

मग एके दिवशी आईचं डोकं दुखायला लागलं. डाव्या अंगाचं अर्धं डोकं, फुटेल असं. डोळा लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली आणि उलट्या सुरू झाल्या. उलट्या होतात म्हणजे पित्त, असा घरात निकाल झाला. आल्याचा रस दिला, कोकमाचं पाणी दिलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. आई भिंतीला कपाळ टेकून बसायची. काही दिवसांनी डोकं दुखायचं थांबलं. पित्त उतरलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. त्या वेळेपर्यंत डावा डोळाही गेला होता. आई ते सांगत नव्हती. दिसतं का विचारलं की अंधूक दिसतं म्हणायची.

सर्व्हिस मोटारीचा क्लीनर आमच्या माहेरच्या आळीतला. त्यानं राहुरीच्या थांब्यावर माझ्या मिस्टरांना सहज विचारलं, मास्तर, सासूबाईंचं कसं काय आता? असं मला ते कळलं. दुसऱ्या दिवशी मी कोल्हारला गेले. आईचा उजवा डोळा खोबणीत आक्रसून गेला होता. मी तिचं लुगडं बदललं, दोन कपडे बांधले. आबा म्हणाले, आता दुखायचं थांबलंय, उगाच कशाला हलवतीस? मी आईचा हात धरला आणि रस्त्यावर मोटारीची वाट बघत उभी राहिले. भाऊ आत होता. तो बरोबर आला नाही.

वाटेत आई माझ्या कानाशी तोंड आणून विचारत होती, त्या बाई अजून हायत का? त्याच हायत का? मी म्हटलं, असतील. ती म्हणाली, डाव्यात अजून कायतरी हाय बघ. भिंग काढलं की हुईल. तिनं केस हातानं बसवले, पदर नीट केला.

बाई त्याच होत्या. त्यांना आई आठवत होती, पेज सांडणारी. त्यांनी उजवा डोळा बघितला. डावा दोन बोटांनी वरून दाबून बघितला. मलाही बोट लावून बघायला सांगितलं. गारगोटीसारखा कठीण लागला. मग त्यांनी खिडकी लावली आणि बॅटरी घेतली.

ही परीक्षा आईला माहीत होती. आबांच्या वेळी ती शेजारीच उभी होती. उजेड कुठून येतो ते सांगता आलं की डॉक्टर ऑपरेशन करतात, हे तिनं मनात धरून ठेवलं होतं.

"उजेड कुठून येतो, सांगा."

"उजवीकडून," आई लगेच म्हणाली.

बाईंनी बॅटरी डावीकडे धरली होती. त्यांनी पुन्हा विचारलं, आई म्हणाली, वरून. मग डावीकडून. एकदा तिचं बरोबर आलं. अंदाजानं कधीतरी येणारच. ती ताठ बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी, दोन्ही हात मांडीवर, प्रत्येक वेळी चटकन उत्तर देत होती. मग बाईंनी बॅटरी विझवली. खोली पूर्ण काळोखी झाली. त्यांनी त्याच आवाजात विचारलं, आता कुठून?

"खालून येतोय," आई म्हणाली.

बाईंनी खिडकी उघडली. त्या तिच्यापुढं बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, आता उजेड नव्हताच."



"मग इचारलं कशाला?" आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्या माणसानं मोतीबिंदू काढला नव्हता, तो नुसता आत ढकलून दिला होता. गढूळ भिंग समोरून हटलं म्हणून दिसलं, पण ते डोळ्यातच पडून राहिलं. एक डोळा सळईच्या घाणीनं सडला. दुसऱ्यात पाणी तुंबलं, ताण वाढला आणि मागची शीर मेली. त्या उलट्या पित्ताच्या नव्हत्या, डोळ्याच्या होत्या. डोळा लाल, डोकं फुटतंय आणि उलटी होतेय असं दिसलं की त्याच दिवशी यायचं असतं, त्या म्हणाल्या, कदाचित तेव्हा काही करता आलं असतं. आणि दिवाळीनंतर आला असतात तर यातलं काहीच झालं नसतं. त्यांचा आवाज चढला नाही, पण माझ्याकडे बघून बोलताना त्यांच्या मनात मीही त्या घरातलीच एक होते. होतेच.

उजवा डोळा पुन्हा चिघळू नये म्हणून त्यांनी तो साफ काढून टाकला. जखम भरेपर्यंत मी आईजवळ राहिले. भाऊ एकदा डबा घेऊन आला आणि तासाभरात परतला. आबा आले नाहीत, दुकानात काम होतं.

मी आईला घरी घेऊन गेले तेव्हा आबा ओटीवर मशीनपाशी होते. त्यांनी चष्मा वर करून आईकडे बघितलं आणि मला विचारलं, दुसऱ्या डोळ्याचं आपरेशन कधी करनार म्हनाले? मी सांगितलं की आता होणार नाही, कधीच होणार नाही, दोन्ही गेले. आबा मशीनवरून उठले. ते खरोखर हबकले होते. हात नुसते एकावर एक चोळत उभे राहिले. मग म्हणाले, नशीब. तिच्या नशिबात नव्हतं.

आई माझा हात सोडून एक पाऊल पुढं आली. ती आबांशी नेहमी खालच्या आवाजात बोलायची. तेव्हाही आवाज खालचाच होता.

"नशीब न्हाई. त्या बाईंनी दिवाळीनंतर या म्हनून सांगितलं व्हतं. तुमी ऐकत व्हता. मी बी ऐकत व्हते."

 ओटीवर दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती खाली बघत राहिली. आई भिंत चाचपत आत गेली. त्यानंतर तिनं हा विषय कधी काढला नाही आणि घरात दुसऱ्या कुणी काढला नाही. लोकांना विचारलं तर ते म्हणायचे, शिंपिणीचे डोळे चुलीच्या धुरानं गेले. धूर वाईटच, पण आईच्या डोळ्यांचा ठपका चुलीवर ठेवणं सगळ्यांना सोयीचं होतं.

राहुरीला परतल्यावर मी सासूबाईंच्या डोळ्यांकडे बघायला लागले. त्यांनी मला सुख दिलं नव्हतं. पण त्यांच्या बुबुळात मला तोच पांढुरका ढग दिसला आणि मी त्याच दिवशी मिस्टरांना सांगितलं. ते पहिल्यांदा उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू म्हणाले. मी म्हटलं, सुट्टीत नाही, आत्ता. मी त्यांच्याशी तशा आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी रजा काढली. त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचे डोळे केले. वाळूच्या पिशव्यांमध्ये त्या पडून होत्या तेव्हा पेज मी भरवली. पट्टी सुटली, चष्मा आला आणि सासूबाईंना पुन्हा सगळं दिसायला लागलं. घरी आल्या आल्या त्यांनी फडताळाच्या वरची धूळ दाखवली. म्हणाल्या, मला दिसत नव्हतं म्हणून हे असं ठेवलंत होय? आळीतल्या बायकांनी मिस्टरांचं कौतुक केलं. असा मुलगा हवा, म्हणाल्या. मी धूळ पुसली.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा आईला हे सांगितलं. ती परसदारी शेंगा फोडत बसली होती. वहिनी कपडे वाळत घालत होती. ओटीवर मशीन चालू होतं. आबा वाण्याकडे गेले होते, तेव्हा मशीनवर भाऊच होता.

"आता दिसतं त्यांना?" आईनं विचारलं.

"दिसतं. सगळं दिसतं."

"कुनी नेलं?"

"ह्यांनी. रजा काढून नेलं."

आईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"लेकानं नेलं व्हय," ती म्हणाली.

ओटीवरचं मशीन मध्येच थांबलं नाही. ते चालतच राहिलं आणि आईनं पुढची शेंग घेतली.